पंधरा ठिकाणी एकच लेख

प्रश्न : इतवारीत आमचे संत्रा बर्फीचे दुकान आहे. प्रचारासाठी मी एकच लेख किरकोळ बदल करून पंधरा संकेतस्थळांवर दिला, तरी विचारणा येत नाही. माझे काय चुकले?
— एक वाचक, नागपूर

उत्तर : गूगलने २०११ मध्ये शोधनिकालांचा क्रम ठरवण्याच्या पद्धतीत ‘पांडा’ हा बदल आणल्यापासून उथळ आणि पुन्हा पुन्हा वापरलेला मजकूर शोधनिकालांत मागे पडतो, त्यामुळे पंधरा नकलांपेक्षा एक सकस लेख केव्हाही अधिक उपयोगी ठरतो. परंतु मला खरी उणीव मजकुरातच दिसते. आपण सोबत पाठवलेल्या लेखात दुकानाचे नाव अकरा वेळा येते. बर्फी किती दिवस टिकते, हे मात्र एकदाही येत नाही. आंबिया बहाराचे, म्हणजे हिवाळ्याअखेरच्या फुलोऱ्याचे, संत्रे पुढच्या हिवाळ्याच्या तोंडाशी आणि मृग बहाराचे, म्हणजे पावसाळ्याच्या आरंभीच्या फुलोऱ्याचे, फेब्रुवारी-मार्चच्या सुमारास बाजारात येते. आपण कोणत्या फळाचा गर वापरता, तो वर्षभर कसा टिकवता, हे आपल्याइतके अधिकाराने दुसरे कोण सांगणार? तेच लिहा. ‘रोग बरे करणारी बर्फी’ हे वाक्य तर त्वरित काढा. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीवर ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार दंड होऊ शकतो. आणि लेखाखाली दुकानाचा पत्ता व वेळ द्या, ही माहिती सध्या कुठेच नाही.