ऑक्साइड अँड न्यूट्रिनोचा दुसरा अल्बम ऐकावा का?

'बाउंड फॉर द रीलोड' हे गाणं आवडलं, तर ऑक्साइड अँड न्यूट्रिनो या ब्रिटिश जोडीचा 'टू स्टेप्झ अहेड' हा दुसरा अल्बम आवडेल का, असं तुम्ही विचारलंय. तीच मजा शोधत असाल तर नाही आवडणार. मला तो तिसऱ्या खेपेला पटला, तोही अर्धाच.

त्या पहिल्या गाण्यात निव्वळ टारगटपणा होता. बीबीसीच्या 'कॅझुअल्टी' या इस्पितळाच्या मालिकेची धून उचलली, खाली गॅरेजचा (म्हणजे लंडनच्या क्लबांतल्या नाचाच्या संगीताचा) ठेका टाकला आणि वरून न्यूट्रिनोचं रॅप. विशीही न गाठलेली दक्षिण लंडनची दोन पोरं, आणि मे २००० मध्ये गाणं ब्रिटनच्या यादीत थेट एक नंबरला! 'रीलोड' म्हणजे पब्लिक चेकाळलं की डीजे तबकडी मागे ओढून गाणं पुन्हा पहिल्यापासून लावतो, ते. आपल्या संगीत नाटकातला 'वन्स मोअर'च म्हणा. तिकडच्या चोरट्या रेडिओ स्टेशनांवर तर लोक त्यासाठी मिस्ड कॉल द्यायचे. (मिस्ड कॉल हा आपलाच शोध, असं मी बरीच वर्षं समजत होतो.)

दुसऱ्या अल्बमच्या नावात कोटी आहे. 'टू-स्टेप' हा गॅरेजचा एक प्रकार. हाउस संगीतात दर मात्रेला धप्प, धप्प असा ठोका पडतो. टू-स्टेपमध्ये दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेचा तो ठोका काढून घेतात. तबल्यात खालीला डग्गा गप्प होतो आणि आपण आपसूक पुढे झुकतो ना, तसं काहीसं होतं. आता गंमत बघा, नावात टू-स्टेप असलेल्या या अल्बमचा ओढा मात्र हिप हॉपकडे जास्त आहे. 'रॅप डिस' ऐकलंत की लगेच कळेल.

त्याला कारणही आहे. ही दोघं सो सॉलिड क्रू या लंडनच्या मोठ्या गॅरेज-रॅप चमूतली. २००१ च्या ऑगस्टमध्ये क्रूचं '२१ सेकंड्स' पहिल्या क्रमांकावर गेलं, आणि त्याच वर्षी एका कार्यक्रमातल्या गोळीबारानंतर त्यांचा दौरा रद्द झाला. वर्तमानपत्रं हात धुऊन मागे लागली. 'ओन्ली वाना नो यू कॉज युअर फेमस' हे शीर्षक त्या काळातलंच. २००२ मध्ये अल्बम आला तोवर हवा बदलली होती. पुढच्याच वर्षी रॅपर डिझी रॅस्कलने 'बॉय इन द कॉर्नर' या अल्बमवर ब्रिटनचं मर्क्युरी संगीत पारितोषिक नेलं आणि लोक ग्राइम या गॅरेजमधूनच निघालेल्या रॅपच्या नव्या प्रकाराबद्दल बोलू लागले. हा अल्बम मधल्या मध्ये अडकला. ना धड नाचायचा, ना धड बसून ऐकायचा.

तरी ऐकायचाच असेल तर आधी 'एक्झिक्यूट' हा त्यांचा पहिला अल्बम उरका, मग यातलं 'डेम गर्ल्झ' लावा. तेही पटलं नाही तर बाकीच्यासाठी वेळ घालवू नका. आणि कृपा करून मोबाइलच्या स्पीकरवर नको. बेस गेला की उरतो तो नुसता पत्र्यावरचा पाऊस.