अंदमानला पहिल्यांदा जाताय ना, मग हे वाचा

हॅवलॉकला (आता स्वराज द्वीप) जाताय तर आधी घड्याळ डोक्यातून काढा, कारण तिकडे आपलाच टाइम चालतो पण सूर्य फार लवकर मावळतो, डिसेंबरात पाच-सव्वापाचलाच. मी पहिल्यांदा जेवून मस्त ताणून दिली आणि सूर्यास्त बघायला राधानगर बीचला पोचलो तर काय, अंधार! म्हणून दुपारी साडेतीनलाच निघायचं, झोप काय घरी पण होते.

दुसरं, नीलला (शहीद द्वीप) तो नैसर्गिक दगडी पूल आहे ना, तिथे ओहोटीलाच जायचं. आपलं कोकणातलं तिथीच्या पाऊणपटीचं गणित (तिथीला पाऊणने गुणलं की भरतीची वेळ) तिथे लावू नका, हॉटेलवाल्याला विचारा. पाणी ओसरलं की खडकातल्या डबक्यांत छोटे मासे, समुद्रकाकड्या (काकडीसारखे दिसणारे समुद्री जीव) दिसतात, पण पायात जुने बूट हवेत, चपला नकोत, प्रवाळ ब्लेडसारखं कापतं आणि जखम लवकर बरी होत नाही. त्यावर उभं तर राहूच नका, ते जिवंत असतं. शंख-प्रवाळ उचलून बॅगेत टाकू नका, एअरपोर्टवर पकडतात.

बोटीचं तिकीट आधीच काढा, आणि परतीच्या फ्लाइटच्या आदल्या रात्री पोर्ट ब्लेअरलाच (आता श्री विजयपुरम) रहा, समुद्र खवळला की फेरी रद्द होते. कॅश ठेवा, नेटचा भरवसा नाही.