देवधर्म, उपवास आणि आयुष्य : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : देवाधर्माचं नेमाने करणारी माणसं जास्त जगतात, असं ऐकलं. खरं आहे का? (एक वाचक, सातारा)

उत्तर : खरं आहे, पण ते कशामुळे हे पाहायला हवं. अमेरिकेतल्या 74,534 परिचारिकांवरचा एक मोठा अभ्यास 2016 साली प्रसिद्ध झाला. आठवड्यातून एकाहून जास्त वेळा चर्चमध्ये जाणाऱ्यांत मृत्यूचं प्रमाण कधीच न जाणाऱ्यांपेक्षा 33 टक्के कमी आढळलं. या फरकाचा पाव हिस्सा माणसांच्या आधाराचा, जवळपास तेवढाच सिगारेट न ओढण्याचा. कॅलिफोर्नियातल्या ॲडव्हेंटिस्ट या ख्रिस्ती पंथात दारू-तंबाखू वर्ज्य, बरेचजण शाकाहारी. तिथले पुरुष इतर कॅलिफोर्नियाकरांपेक्षा सरासरी 7.3 वर्षं आणि स्त्रिया 4.4 वर्षं जास्त जगतात, असं 2001 साली मांडलं गेलं.

हे आकडे तिकडच्या समाजाचे, ते आपल्याला जसेच्या तसे लागू होत नाहीत. शिवाय अशा पाहणीतून कार्यकारण पक्कं सिद्ध होत नाही. तरी आपल्याकडे माळ घातली की मांस आणि दारू सुटते, भजनाच्या निमित्ताने माणूस चार माणसांत बसतो. फायद्याच्या जागा याच आहेत. मात्र माळ गळ्यात आणि तंबाखूची चंची खिशात असेल, तर तोंडाच्या कर्करोगाचा धोका तसूभरही कमी होत नाही.

प्रश्न : मधुमेहासाठी सकाळी ग्लिमेपिराइड आणि मेटफॉर्मिन घेतो. एकादशीला दुपारी घाम येऊन हातपाय थरथरतात आणि रात्री साखर 280 भरते. उपवास सोडून द्यावा का? (एक वाचक, बार्शी)

उत्तर : लगेच सोडायला नको, पण आहे तसा चालू ठेवणं धोक्याचं आहे. ग्लिमेपिराइड स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावते, मग पोटात अन्न असो वा नसो. सकाळी गोळी आणि वर नुसता चहा, म्हणून दुपारी साखर उतरते. संध्याकाळी भुकेपोटी साबुदाण्याची खिचडी ताट भरून खाल्ली जाते. 100 ग्रॅम कोरड्या साबुदाण्यात सुमारे 350 कॅलरी आणि 87 ग्रॅम पिष्ट असतं, प्रथिनं एक ग्रॅमसुद्धा नाहीत. त्यात बटाटा, शेवटी केळं. साखर 280 होणारच.

एकादशीच्या आठवडाभर आधी डॉक्टरांना विचारून त्या दिवशीची मात्रा ठरवून घ्या. इन्सुलिन घेणाऱ्यांनी ते मनाने बंद करू नये. डापाग्लिफ्लोझिन किंवा एम्पाग्लिफ्लोझिन ही लघवीवाटे साखर बाहेर टाकणारी गोळी चालू असेल तर निर्जळी अजिबात नको. शरीरातलं पाणी कमी होतं, आणि साखर फार चढलेली नसतानाही रक्तात आम्ल साठू शकतं.

खाणं दिवसभरात तीन-चार वेळा विभागा. खिचडीला साबुदाणा 50 ग्रॅम, दाण्याचं कूट 30 ग्रॅम, सोबत वाटीभर दही आणि काकडीची कोशिंबीर. त्याच वेळी बटाटा किंवा रताळं नको. राजगिऱ्याच्या पिठाची भाकरी साबुदाण्यापेक्षा केव्हाही बरी, कारण 100 ग्रॅम राजगिऱ्यात 13-14 ग्रॅम प्रथिनं असतात. राजगिऱ्याचा लाडू मात्र गुळातला असतो.

ग्लुकोमीटरवर सकाळी, दुपारी बाराच्या सुमारास, संध्याकाळी आणि जेवणानंतर दोन तासांनी साखर पाहा. 70 च्या खाली आली तर तीन चहाचे चमचे साखर पाण्यात घालून लगेच प्या, 15 मिनिटांनी पुन्हा मोजा. अजून कमीच असेल तर पुन्हा तेवढीच साखर घ्या. सावरल्यावर जेवा, त्या दिवशीचा उपवास तिथेच संपला. 300 च्या वर गेली किंवा उलट्या होऊ लागल्या तर दवाखाना गाठा.

पाण्याने किंवा औषधाने व्रत मोडेल ही भीती मनातून काढा. व्रतभंग न करणाऱ्या आठ गोष्टी धर्मशास्त्राने मोजून दिल्या आहेत. त्यांत पाणी, फळं, कंदमुळं, दूध आहे आणि औषधही आहे. द्वादशीचं पारणंही बेताचं असू द्या. आदल्या दिवशी सांभाळलेली साखर श्रीखंड-पुरीने एका जेवणात बिघडते.

प्रश्न : उपवासाची भगर खाऊन घरातल्या तिघांना उलट्या आणि चक्कर. भगर बाधते का? (एक वाचक, परभणी)

उत्तर : चांगली भगर बाधत नाही, ओल लागलेली बाधते. दमट हवेत तिच्यावर ॲस्परजिलस जातीची बुरशी वाढते आणि तिचं विष शिजवल्याने जाईलच असं नाही. सुटी भगर आणि त्याहून सुटं पीठ टाळा. पॅकबंद पाकिटावरची तारीख पाहा, निवडून दोन-तीन पाण्यांनी धुवा. पीठ हवं तर भगर खडखडीत वाळवून घरीच लागेल तेवढंच दळा. डबा झाकणबंद ठेवा. शिजवलेली भगर त्याच वेळी संपवा, सकाळची रात्री नको. मळमळ, थरथर, चक्कर जाणवली तर घरगुती उपायांत वेळ न घालवता दवाखान्यात जा, आणि उरलेली भगर पाकिटासह बरोबर न्या, म्हणजे तपासणीला नमुना मिळेल.