मंदीतल्या मजुरीतून उभी राहिलेली पोस्टं आणि शाळा

प्रश्न : नमस्कार. मुलीकडे अमेरिकेला गेले होते तेव्हा तिथल्या एका छोट्या गावच्या पोस्टात गेलो पार्सल टाकायला, आणि आत बघते तर पोस्टमास्तरच्या दाराच्या वर या टोकापासून त्या टोकापर्यंत चित्र, गव्हाची कापणी चाललीय, घोडे, बायका पाणी घेऊन येतायत. जावई म्हणाले १९३० च्या मंदीत सरकारने बेकारांना काम द्यायला हे पोस्ट बांधलं आणि चित्रही त्यातलंच. खरंय का हे? आणि नुसतं लोकांच्या हाताला काम हवं म्हणून बांधलेली इमारत एवढी वर्षं टिकते कशी?

उत्तर : ताई, जावई बरोबर सांगतायत, फक्त चित्राची गोष्ट जरा वेगळी आहे. पोस्टातली ती चित्रं बहुतेक करून अमेरिकेच्या अर्थखात्याच्या कला विभागाने करून घेतलेली असतात, हा विभाग १९३४ ते १९४३ चालला. इमारतीच्या खर्चातला साधारण १ टक्का कलेसाठी ठेवायचा आणि चित्रकार स्पर्धेतून निवडायचा अशी पद्धत होती, म्हणजे चित्रकार गरजू आहे का हे तिथे बघत नसत, काम चांगलं आहे का ते बघत. अशी १ हजाराहून जास्त पोस्टं रंगली. विषय शक्यतो त्या गावचाच, म्हणून तुम्हाला गव्हाची कापणी दिसली, दुसरीकडे कोळशाची खाण दिसेल किंवा मासेमारी. आणि बरीचशी चित्रं थेट भिंतीवर काढलेली नाहीत, स्टुडिओत कॅनव्हासवर रंगवून मग आणून चिकटवलीत. ही गोष्ट लक्षात ठेवा, खाली परत लागेल.

आता टिकते कशी. इथे दोन योजनांची गल्लत होते, नावंही सारखीच, पीडब्ल्यूए (पब्लिक वर्क्स अॅडमिनिस्ट्रेशन) आणि डब्ल्यूपीए (वर्क्स प्रोग्रेस अॅडमिनिस्ट्रेशन). पीडब्ल्यूए १९३३ मध्ये आली, हॅरल्ड इकीस तिचे प्रमुख, आणि हा माणूस पैशाच्या बाबतीत फार चोख. काम खाजगी कंत्राटदाराला, प्लॅन आर्किटेक्टचा, गावाने स्वतःचा वाटा घालायचा, केंद्राचं अनुदान आधी ३० टक्के आणि नंतर ४५ टक्के. ३४ हजारांवर कामं झाली यातून, १९३३ ते १९३९ मध्ये देशात शिक्षणासाठी ज्या नवीन इमारती झाल्या त्यातल्या ७० टक्क्यांच्या आसपास या पैशातून उभ्या राहिल्या. त्या वर्षांत शिकलेल्या मुलांचं काय झालं असतं हे पैसे नसते तर, हा विचार माझ्या डोक्यातून जात नाही. तर या इमारती टिकल्या यात नवल नाही, त्या मुळात नेहमीच्या पद्धतीनेच बांधलेल्या.

डब्ल्यूपीए मात्र खऱ्या अर्थाने मजुरीची योजना, १९३५ ची, हॅरी हॉपकिन्स तिचे प्रमुख. एका घरातल्या एकालाच काम, महिन्याला १९ ते ९४ डॉलर, भाग कुठला आणि हातात कसब काय त्यावर. आठ वर्षांत ८५ लाखांच्या आसपास लोकांनी यात काम केलं. आणि इथे एक गोष्ट झाली जी मला सगळ्यात महत्त्वाची वाटते, पैसा शक्यतो मजुरीवर जायला हवा होता आणि सामानावर कमी, मग विकतचं स्टील आणण्यापेक्षा जवळच्या खाणीतला दगड काढा, हाताने घडवा, हाताने बसवा. दगड घडवायला वेळ लागतो? लागू दे, तेवढे दिवस घरी चूल पेटते. म्हणून ओक्लाहोमासारख्या राज्यात त्या काळच्या शाळा, व्यायामशाळा जाड दगडी भिंतींच्या दिसतात, आणि शेतमजूर तिथेच पाथरवटाचं काम शिकले. लोक तेव्हा टवाळी करायचे, फावड्याला टेकून उभे राहणारे म्हणायचे यांना. त्या भिंती बघितल्या की ती टवाळी मला फार लागते.

ऑरेगन राज्यात माउंट हूड पर्वतावर टिंबरलाइन लॉज आहे ते संधी मिळाली तर जरूर बघा. १९३६ ला सुरू केलं, सप्टेंबर १९३७ मध्ये तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट स्वतः उद्घाटनाला आले. जिन्याचे खांब टेलिफोनच्या जुन्या खांबांतून कोरलेत, शेकोटीची लोखंडी बैठक रेल्वेच्या रुळांतून ठोकून काढलीय, आणि पडदे, गालिचे बायकांनी हाताने केले. पण बांधून झाल्यावर देखभालीचं काय? १९५५ पर्यंत इतकी दुरवस्था झाली की लॉज बंद पडलं, नवीन चालक आले तेव्हा परत उभं राहिलं, आणि १९७७ ला राष्ट्रीय ऐतिहासिक वास्तू झालं.

प्रश्न : अशा इमारती सरकार आता विकतंय असं वाचलं. जनतेच्या पैशातली चित्रं मग कोणाची?

उत्तर : पोस्टं विकली जातायत हे खरंय, टपाल कमी झालं आणि मोठ्या इमारती परवडत नाहीत. न्यूयॉर्कमध्ये ब्रॉन्क्सचं मुख्य पोस्ट २०१४ मध्ये विकलं गेलं, आत बेन शान आणि बर्नार्डा ब्रायसन या चित्रकारांची १३ चित्रं आहेत कामगारांची. शहराने विक्रीच्या आधीच, २०१३ मध्ये, आतल्या दालनाला संरक्षण दिलं म्हणून बरं. पण संरक्षण मिळालं तरी दार बंद असेल तर बघणार कोण, चित्र वाचवणं आणि ते लोकांना दिसत राहणं यात फरक आहे आणि माझ्या मते दुसरं जास्त महत्त्वाचं. ज्या पोस्टांना असं काही मिळालं नाही तिथे कॅनव्हासवरची चित्रं निघू शकतात हा फायदा आणि हाच धोकाही, निघालेलं चित्र गोदामात गेलं की गावाशी नातं तुटलं.

भांडणंही झालीत. सॅन फ्रान्सिस्कोच्या रिंकन अॅनेक्स पोस्टातली २७ चित्रं फार डाव्या विचारांची आहेत म्हणून काढून टाका असं १९५३ मध्ये थेट काँग्रेसमध्ये, म्हणजे अमेरिकेच्या संसदेत, चाललं, ती वाचली. त्याच शहरातल्या एका हायस्कूलमध्ये व्हिक्टर आर्नॉटॉफ यांची १९३६ ची चित्रं, जॉर्ज वॉशिंग्टनच्या जीवनावरची, त्यात गुलाम राबताना दिसतात आणि एक मूळ अमेरिकन माणूस मरून पडलेला. मुलांना रोज हे बघायला लागतं म्हणून २०१९ मध्ये शाळा मंडळाने रंग फासायचं ठरवलं, नंतर झाकायचं ठरलं, मग कोर्टकचेरी, शेवटी २०२२ मध्ये निर्णय मागे घेतला. माझं मत विचाराल तर चित्रकाराने वॉशिंग्टनचं खोटं कौतुक केलं नाही म्हणून ती राहावीत, पण ज्या मुलांना त्रास होतो त्यांचं म्हणणं उडवून लावायचं कारण नाही.

आणि हेही सांगायलाच हवं की दक्षिणेत या पैशातून गोऱ्यांची शाळा वेगळी आणि काळ्यांची वेगळी अशाच बांधल्या गेल्या. जिथे काळ्या मुलांची शाळा उभी राहिली तिथे त्या वस्तीला तिचा अभिमान आहे, आणि ती वेगळी का बांधली याचा रागही. दोन्ही त्याच भिंतीत आहे.

पहिल्या प्रश्नातल्या ताईंसाठी अजून एक. मुलीला सांगा पोस्टाबाहेरची कोनशिला बघ, त्यावर अर्थमंत्री हेन्री मॉर्गनथाऊ आणि पोस्टमास्तर जनरल जेम्स फार्ली ही नावं असली की इमारत त्याच काळातली. चित्राच्या खालच्या कोपऱ्यात चित्रकाराची सही आणि साल असू शकतं, ते टिपून घ्या. रूझवेल्टच्या या सगळ्या मंदीतल्या योजनांना मिळून न्यू डील म्हणतात, लिव्हिंग न्यू डील नावाचा एक प्रकल्प अशा जागांचा नकाशा करतोय, तिथे ते पोस्ट आहे का बघा, नसेल तर फोटो पाठवा त्यांना.