वाचकांचे प्रश्न : ‘सर, तुमी कोनाले मत देता?’

प्रश्न : यवतमाळ जिल्ह्यातील दारव्हा तालुक्यात एका खाजगी अनुदानित शाळेत मी इतिहास व राज्यशास्त्र शिकवतो. दहावीला ‘राजकीय पक्ष’ हे प्रकरण चालू असताना मागच्या बाकावरच्या एका मुलाने विचारले, ‘सर, तुमी कोनाले मत देता जी?’ खोटे बोलणे जिवावर आले, म्हणून मी पक्षाचे नाव सांगितले आणि कारणेही सांगितली. दुसऱ्या दिवशी पानठेल्यावर त्याच्या वडिलांनी चारचौघांत हटकले, ‘सर, पोरायले शिकवता का परचार करता?’ मुख्याध्यापकांनी तर वर्गात राजकारणाचा विषयच काढू नका, असे बजावले आहे. राज्यशास्त्र शिकवायचे आणि राजकारण बोलायचे नाही, हे कसे जमावे? माझे नेमके काय चुकले?
— एक शिक्षक, जि. यवतमाळ

उत्तर : आपण पक्षाचे नाव सांगायला नको होते, मात्र मुख्याध्यापकांनी सुचवलेला उपाय मला त्या चुकीपेक्षाही वाईट वाटतो. मतदान गुप्त असते आणि माझेही गुप्तच आहे, असे सांगितले असते तर ते खोटे ठरले नसते, शिवाय राज्यशास्त्राचाच एक धडा झाला असता. गावातले मतदान केंद्र बहुधा शाळेच्याच खोलीत असते आणि तिथे यादी व शाईची बाटली घेऊन बसणाऱ्यांत शिक्षकच अधिक असतात, हेही विसरून चालणार नाही.

खरी अडचण मात्र वर्गातच आहे. सामाजिक शास्त्रांच्या अंतर्गत मूल्यमापनाचे २० गुण ज्याच्या हातात आहेत, त्याचे मत मुलांना नुसते मत म्हणून ऐकू येत नाही. याचा धडा मला स्वतःच्याच वर्गात मिळाला. बुलढाणा जिल्ह्यात शिकवत असताना वेगळ्या विदर्भावर चर्चा ठेवली होती आणि उत्साहाच्या भरात मी माझे मत सर्वांच्या आधी मांडले. त्यानंतर मुलांनी लिहून दिलेले निबंध वाचताना दिसले, की झाडून सगळ्यांचे मत माझ्यासारखेच होते. चर्चेआधी माझ्या विरुद्ध तावातावाने बोलणाऱ्या मुलाचेसुद्धा. इतकेच नव्हे, तर विदर्भाने संयुक्त महाराष्ट्रात यावे म्हणून नेत्यांत झालेला नागपूर करार १९५३ चा असताना बोलण्याच्या ओघात मी १९५६ म्हणून गेलो होतो, तेही बहुतेक निबंधांत जसेच्या तसे उतरले होते. ज्या मुलांना माझी साधी चूक तपासून पाहावीशी वाटली नाही, ती माझे मत काय तपासणार? पुढच्या वर्षी मी आधी फक्त कागद ठेवले : राज्य पुनर्रचना आयोगाने १९५५ मध्ये केलेली वेगळ्या विदर्भाची शिफारस, नागपूर करारातील आश्वासने आणि संयुक्त महाराष्ट्राच्या बाजूचे युक्तिवाद. त्या वर्षी निबंध तपासायला दुप्पट वेळ लागला.

नियमांचे थोडक्यात सांगतो. राज्य शासनाच्या कर्मचाऱ्यांना लागू असलेल्या १९७९ च्या वर्तणूक नियमांनुसार मत देता येते, परंतु ते कोणाला दिले किंवा देणार हे सूचित करता येत नाही. जिल्हा परिषदेच्या शिक्षकांना १९६७ चे वेगळे वर्तणूक नियम आहेत. आपल्याला मात्र खाजगी शाळांची १९८१ ची नियमावली लागू होते, तेव्हा ती वाचून ठेवावी. तरीही शिक्षकाचा राजकारणाशी संबंध नाही, असे कोणी म्हणत असेल तर त्याला विधान परिषदेकडे बोट दाखवावे : तिच्या ७८ जागांपैकी ७ शिक्षक मतदारसंघांच्या आहेत आणि त्यांतली एक आपल्या अमरावती विभागाची आहे. (प्राथमिक शिक्षकांना तिथे मत नाही, ही जुनी तक्रार इथे बाजूला ठेवू.)

आता वर्गात बोलायचे काय? जर्मनीत १९७६ मध्ये राजकीय शिक्षणाबाबत जी सहमती झाली, तिच्यातले एक सूत्र आपल्याकडेही चालण्यासारखे आहे : जे समाजात वादग्रस्त आहे, ते वर्गातही वादग्रस्त म्हणूनच मांडावे. कापसाचेच उदाहरण घ्या. २०२५-२६ साठी केंद्राने मध्यम धाग्याला क्विंटलमागे ७,७१० आणि लांब धाग्याला ८,११० रुपये हमीभाव जाहीर केला. ऑगस्ट २०२५ मध्ये कापसावरचे ११ टक्के आयात शुल्क उठवून ती सवलत डिसेंबर २०२५ अखेरपर्यंत वाढवली. मुलांना घरून जिनिंगवरची काटापावती (कापूस मोजून घेतल्याची पावती) किंवा व्यापाऱ्याची चिठ्ठी आणायला सांगावी, तिच्यावरचा भाव हमीभावाशेजारी फळ्यावर लिहावा आणि फरक का पडला ते त्यांनाच शोधू द्यावे. स्वस्त कापूस हवा असणाऱ्या सूतगिरणीची बाजू एका गटाने मांडावी, घरात कापूस भरून ठेवलेल्या शेतकऱ्याची दुसऱ्याने; आणि ज्याच्या घरी पऱ्हाटी (कापसाचे पीक) आहे त्याला मुद्दाम गिरणीच्या गटात बसवावे. हे सारे राजकारणच आहे आणि यात कोणत्याही पक्षाचे नाव घ्यावे लागत नाही. मुलांनी ते घेतले, तर त्या पक्षाचे म्हणणे आणि विरोधकांचे म्हणणे दोन्ही सांगावे.

विषय टाळू नये, असे मी म्हणतो त्याचे कारण साधे आहे. ही मुले दोन-तीन वर्षांत मतदार होतील. शाळेने तोंड मिटून घेतले, तर त्यांना राजकारण शिकवायला मोबाइल आणि पानठेला तयारच आहेत.

राहिला प्रश्न त्या वडिलांचा. त्यांना टाळू नका. पक्षाचे नाव घ्यायला नको होते, हे त्याच पानठेल्यावर, चारचौघांतच कबूल करा आणि पहिली काटापावती त्यांच्याकडूनच मागून घ्या.