इंग्लंडमध्ये कमी खर्चात, स्वतःच्या हातांनी मराठी पद्धतीचे लग्न कसे करावे?

तुमचा प्रश्न असा आहे की तुम्ही दोघे इंग्लंडमध्ये व्हिसावर नोकरी करता, लग्न तिथेच पन्नास-साठ माणसांत करायचे आहे, दोन्हीकडचे आईवडील भारतातून येणार आहेत, इव्हेंटवाल्यांना पैसे देण्यापेक्षा जमेल तेवढे स्वतः करायचे आहे आणि तरीही लग्न मराठी पद्धतीचे व्हायला हवे. माझे लग्न यॉर्कशरमधल्या एका गावाच्या सार्वजनिक हॉलमध्ये अशाच रीतीने झाले आणि पुढे मैत्रिणींच्या लग्नांतही राबण्याचा योग आला. मी सांगते ते इंग्लंड आणि वेल्सपुरते समजावे. स्कॉटलंडचे विवाहाचे नियम वेगळे आहेत.

आपल्याकडे घरच्या कार्यात खर्च आटोक्यात राहतो तो माणसांच्या हातांमुळे. मावश्या, काकू, शेजारच्या वहिनी आदल्या दिवशी भाजी चिरायला आणि हार ओवायला न बोलावता हजर असतात. परदेशात पैशांपेक्षाही चणचण भासते ती या हातांची. म्हणून एखादी गोष्ट घरी करावी की विकत घ्यावी हे ठरवताना तिची किंमत नंतर बघा. ती महिनाभर आधी करून खोक्यात ठेवता येते का, हे आधी बघा. जे आधी होऊन राहते ते सारे घरी करावे, आणि जे त्याच सकाळी ताजे करावे लागते त्यातले फार थोडे अंगावर घ्यावे.

पैशांची सर्वांत मोठी बचत मात्र हस्तकलेत नसून, कायदेशीर विवाह आणि धार्मिक विधी हे दोन वेगळ्या दिवशी करण्यात आहे. तुम्ही दोघे व्हिसावर असल्यामुळे ठरवून दिलेल्या नोंदणी कार्यालयात एकत्र जाऊन विवाहाची नोटीस द्यावी लागेल. त्यानंतर किमान 28 दिवस थांबावे लागते आणि प्रकरण गृहखात्याने तपासायला घेतले तर ही मुदत 70 दिवसांपर्यंत जाते. एकदा दिलेली नोटीस वर्षभर चालते, त्यामुळे ती लवकर देऊन मोकळे व्हावे. मग कार्यालयातल्याच छोट्या खोलीत, दोन साक्षीदारांसमोर साधा विवाह उरकावा. नोटिशीचे पैसे वेगळे धरून सध्या त्याला 56 पौंड पडतात. निबंधकांना बाहेरच्या जागी बोलावले की तोच आकडा काहीशे पौंडांवर जातो, शिवाय ती जागा विवाहासाठी मान्यताप्राप्त असावी लागते. नागरी विवाहात धार्मिक मंत्र चालत नाहीत, तेव्हा तिथे मंगलाष्टकांचा आग्रह धरू नये. एकदा ही नोंद झाली की सप्तपदी कुठेही करता येते, अगदी मित्राच्या परसातसुद्धा. कागदोपत्री विवाहाची तारीख नोंदणीचीच राहील, हे मात्र दोन्ही घरी आधीच स्पष्ट सांगा, नाहीतर ‘लग्नाआधीच लग्न कसे झाले’ यावर फोनवर दोन तास जातात.

जागेसाठी गावाचा हॉल, चर्चचा हॉल किंवा स्काउटांचा हॉल पाहावा. भाडे तासावर असते आणि टेबले, खुर्च्या, स्वयंपाकघर बहुधा त्यातच येते. लंडनजवळ असाल तर 1932 साली स्थापन झालेल्या महाराष्ट्र मंडळाची डॉलिस हिलला स्वतःची वास्तू आहे, तिथेही चौकशी करावी. कुठेही गेलात तरी आदल्या संध्याकाळपासून ताबा मिळेल का हे विचारा, कारण सजावटीला ती संध्याकाळ मिळाली तर लग्नाची सकाळ सुखाची जाते. होमाविषयी लेखी परवानगी घ्या. अनेक हॉलच्या करारात उघड्या ज्योतीला मनाई असते आणि छतावरच्या धूरसूचकाला लाजाहोमाचे पावित्र्य कळत नाही. वाळू भरलेल्या पसरट थाळीवर छोटे होमकुंड, मोजक्या समिधा, शेजारी पाण्याची बादली आणि अग्निशामक, आणि हे सर्व दाराबाहेरच्या मांडवात, असे लिहून दिले की पुष्कळ व्यवस्थापक तयार होतात. तूप इंग्लंडमध्येच बिनमिठाच्या लोण्याचे कढवा. दुधाचे पदार्थ भारतातून सामानात आणायला ब्रिटनमध्ये बंदी आहे, त्यामुळे पाहुण्यांनी तूप, पेढे आणि बर्फी घरीच ठेवून यावे. आंब्याच्या डहाळ्यांचेही तसेच; वनस्पती-आरोग्याच्या प्रमाणपत्राशिवाय ताजी पाने आणता येत नाहीत. तोरण जाड हिरव्या कापडाच्या पानांचे करा, ते नंतर घराच्या दारावरही राहते.

अंतरपाट घरी करायला फारच सोपा आहे. दोन मीटर पांढरे सुती कापड आणून धुऊन घ्यावे, म्हणजे रंग नीट बसतो. मध्यभागी कापडावरच्या रंगाने कुंकवाच्या छटेचे स्वस्तिक काढावे, उलट्या बाजूने इस्त्री फिरवून रंग पक्का करावा आणि वरच्या कडेला नेफा शिवून त्यातून लाकडी दांडी ओवावी. धरणाऱ्यांचे हात अवघडले तरी दांडीमुळे कापड मध्ये झोळ खात नाही. मुंडावळ्यांचे मोती मासेमारीच्या नायलॉन दोऱ्यात ओवावेत आणि कपाळावरच्या पट्टीचे माप नवऱ्याने फेटा घातल्यावर घ्यावे, आधी घेतलेले माप हमखास तोकडे पडते. रुखवत तर आपल्याकडे मुळातच हाताने केलेल्या वस्तूंचे असते, त्यामुळे तिथे वेगळी कल्पना लढवावी लागत नाही. भारतातल्या मावश्यांना आणि मैत्रिणींना सांगून क्रोशाचे रुमाल, कागदी कातरकाम, भरतकाम असे सपाट आणि हलके नग पाकिटातून मागवा. येऊ न शकणाऱ्यांनाही त्यामुळे कार्यात हात लावल्यासारखे होते. मंगलाष्टके घरच्यांनीच रचावीत. त्यांच्या शार्दूलविक्रीडित वृत्ताच्या ओळीला एकोणीस अक्षरे लागतात आणि घरातल्या कुणा ना कुणा काकांना ते जमतेच. याला खर्च शून्य, आणि लग्नातले लोकांच्या लक्षात राहते तेही बहुधा हेच. विधीसाठी गुरुजी परवडत नसतील किंवा दूर असतील, तर पुण्याच्या ज्ञान प्रबोधिनीची अर्थासह विवाहविधीची पद्धत पाहावी. त्यांनी स्त्रियांनाही पौरोहित्य शिकवले आहे.

फुले त्याच वेळची लागतात, म्हणून तिथे हात आखडता घ्या. लग्न ऑगस्टमध्ये असेल तर मार्चअखेरीस खिडकीत झेंडूचे बी पेरावे आणि हिमाची भीती गेल्यावर, मेच्या उत्तरार्धात, रोपे बाहेर लावावीत. उन्हाळा बरा असेल तर सजावटीपुरता झेंडू घरचा मिळतो. वरमालांसाठी कार्नेशन घ्यावे. लंडनमध्ये नाइन एल्म्सच्या न्यू कोव्हेंट गार्डनच्या फूलबाजारात ती पहाटे घाऊक दराने मिळतात. एका हाराला साधारण पन्नास-साठ फुले लागतात. सुई देठाकडून घालून फुलाच्या मधोमध काढावी आणि हार आदल्या रात्री ओल्या कापडात गुंडाळून थंड गॅरेजमध्ये ठेवावा. गुलाबाच्या पाकळ्या मात्र रात्रीत काळवंडतात.

जेवणात घरचा पदार्थ एकच असू द्या, आणि तो श्रीखंड असावा. साठ जणांना चार किलो घट्ट ग्रीक दही रात्रभर फडक्यात टांगून त्याच्या चक्क्यात अडीच किलोपर्यंत पिठीसाखर घातली की पुरते, आणि ते दोन दिवस आधी होऊन फ्रिजमध्ये राहते. मसालेभात, बटाट्याची भाजी, पुऱ्या हे जवळच्या गुजराती केटररकडून फक्त पोहोचवून घ्यावे. वाढपी त्यांचे नकोत. हॉलच्या विजेच्या शेगडीवर साठ माणसांच्या पुऱ्या तळण्याचा हट्ट कुणीही धरू नये.

तारीख ठरवताना मुहूर्त तिथल्या गावाच्या सूर्योदयावरून काढून घ्या. गोरज मुहूर्ताची हौस असेल तर जूनमध्ये उत्तर इंग्लंडात तो रात्री साडेनऊच्या पुढे येतो आणि पंगत उठायच्या आत हॉलची वेळ संपते. आईवडिलांचा पर्यटक व्हिसा प्रवासाच्या तीन महिने आधीपासूनच मागता येतो, तेव्हा तारीख त्या हिशेबाने ठेवा. भारतात पासपोर्टवर जोडीदाराचे नाव घालण्यासारख्या कामांना इंग्लंडच्या विवाह प्रमाणपत्रावर तिथल्याच सरकारी कार्यालयाचे अपॉस्टिल, म्हणजे कागद परदेशात ग्राह्य ठरवणारा शिक्का, लावून घ्यावे.

वाचलेल्या पैशांतून भांडी घासायला आणि हॉल झाडायला दोन माणसे तासांवर जरूर लावा. अक्षता लाकडी जमिनीवर पायाखाली घसरतात, त्या विधी संपताच झाडायला लागतात, आणि त्या वेळी केरसुणी हातात घ्यायला आईच पुढे होते.