वाचकांचे प्रश्न : किंग ऑलिव्हर यांचा सूर का ढळला?

प्रश्न : अमेरिकेतले जॅझ वादक लुई आर्मस्ट्राँगचे गुरू 'किंग' ऑलिव्हर अखेरीस तिथल्याच सव्हॅना गावात भाजी विकत होते, असे वाचले. नुसत्या हिरड्यांच्या दुखण्याने एवढा मोठा बँडमास्तर संपतो? की न्यूयॉर्कच्या कॉटन क्लब या नाइटक्लबचे काम नाकारल्यामुळे? – एक वाचक, मिरज

उत्तर : कॉटन क्लबची गोष्ट जरा जास्तच रंगवली जाते. 1927मध्ये ऑलिव्हरना पैसे कमी वाटले, काम दुसरे बँडमास्तर ड्यूक एलिंग्टन यांना मिळाले आणि तिथल्या रेडिओ प्रक्षेपणांनी एलिंग्टन देशभर पोचले, हे सगळे खरे. पण एलिंग्टन पियानो वाजवत. दात हलले तरी पियानो वाजतो, ऑलिव्हर यांचे कॉर्नेट, म्हणजे ट्रम्पेटसारखे फुंकून वाजवायचे पितळी वाद्य, वाजत नाही.

कॉर्नेटचा माउथपीस, म्हणजे फुंकायचे टोक, ओठांवर टेकतो आणि ओठ दातांवर. चढा सूर काढताना वादक नकळत वाद्य तोंडाकडे ओढतो. तो दाब वरच्या पुढच्या दातांच्या मुळांपर्यंत जातो. ऑलिव्हरना पायोरिया होता. त्यात हिरडी सुजते, दात धरून ठेवणारे हाड झिजते, दात खिळखिळे होतात. ओठाला मागून आधार उरला नाही की सूर फाटतो, लांबवता येत नाही. दुखणे चुकवायला माउथपीस थोडा बाजूला सरकवावा, तर तिथले स्नायू तयार नसतात आणि ओठ लवकर थकतात. प्रतिजैविके तेव्हा नव्हती. दात खरवडायचे, नाहीतर काढायचे, एवढेच उपाय.

ही उतरण रेकॉर्डवर ऐकू येते. 1923च्या 'डिपरमाउथ ब्लूज'मध्ये ते म्यूट (वाद्याच्या तोंडाशी लावायचे, आवाज बदलणारे बूच) लावून 12 बारांची (बार म्हणजे तालाचा ठरावीक मात्रांचा खंड) तीन आवर्तने, म्हणजे सलग 36 बार, एकटे वाजवतात. नंतर त्यांच्याच 'वेस्ट एंड ब्लूज'ची जानेवारी 1929मधली व्हिक्टर कंपनीची रेकॉर्ड लावा. सुरुवातीची प्रसिद्ध तान ऑलिव्हर नव्हे, तर त्यांच्या बँडमधले ट्रम्पेटवादक लुई मेटकाफ वाजवतात, तीही आर्मस्ट्राँगच्या जून 1928च्या रेकॉर्डबरहुकूम. गुरूच्या बँडने शिष्याची नक्कल करावी! आणि यात नुसते दात नाहीत. ऑलिव्हर यांची खासियत होती सगळ्यांनी एकत्र गुंफून वाजवण्याची. तोवर श्रोत्यांना एकट्या वादकाची भरारी हवी झाली होती.

पुढे मंदी आली. शिकागोतली बँक बुडाली, तिच्यात त्यांची बचत गेली. दक्षिणेतले दौरे करताना बस बंद पडायच्या, पगार थकायचे, वादक सोडून जायचे. भाजीच्या गाडीनंतर त्यांनी एका करमणूक गृहात झाडलोटीचे काम केले. रक्तदाबाच्या उपचाराला पैसे नाहीत, असे त्यांनी बहिणीला पत्रात कळवले होते. एप्रिल 1938मध्ये ते गेले. बहिणीने घरभाड्यासाठी ठेवलेले पैसे मोडून देह न्यूयॉर्कला आणला आणि ब्राँक्समधल्या वुडलॉन दफनभूमीत पुरला.

प्रश्न : मी बँडपार्टीत ट्रम्पेट वाजवतो. वरातीनंतर हिरड्यांतून रक्त येते. वाजवणे बंद करावे का? – एक वादक, सातारा

उत्तर : आधी दंतवैद्याकडे जा आणि ट्रम्पेट वाजवतो हे आवर्जून सांगा. हिरडी आणि दात यांमधली फट ते मोजतील. 1 ते 3 मि.मी. ठीक, 4 किंवा जास्त असेल तर हिरडीखालची सफाई लागते. दात हलत असतील, तर वाजवायचे की नाही हे त्यांनाच ठरवू द्या. मिश्री लावत असाल तर ती आजच सोडा. मधुमेहही तपासून घ्या, कारण तो असला की हिरडी लवकर बिघडते.

दाब किती देता, ते घरी बघा. ट्रम्पेट डाव्या तळहातावर नुसता ठेवा, बोटांनी आवळू नका, आणि एकही कळ न दाबता मधला सूर फुंका. निघाला, तर हाताच्या जोराविना तुमचे भागते. न निघाल्यास तुम्ही फुंकेऐवजी मनगटाने सूर काढता आहात. रोज सुरुवातीला दहा मिनिटे मंद्र लांब सूर धरा. वरातीत चढे तुकडे दोघांत वाटून घ्या. सलग तीन तास एकट्याने ओढू नका. माउथपीस आठवड्यातून एकदा कोमट साबणपाण्यात ब्रशने आतून घासा. दुसऱ्याचा तोंडाला लावू नका.

प्रश्न : आपल्याकडे या परंपरेतला कोणी? – एक वाचक, डोंबिवली

उत्तर : गोव्याचे अँटोनियो झेवियर वाझ, म्हणजेच मुंबईत गाजलेले चिक चॉकलेट. त्यांचा ट्रम्पेट आर्मस्ट्राँगच्या वळणाचा, म्हणजे ऑलिव्हर यांच्याशी नाते नातवाचे.